सल्ला : सेटर एकच, मशीन चार

पत्र : भोसरी एमआयडीसीत आमचा जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केला. आज तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ) आणि बावीस माणसे आहेत. उलाढाल चार कोटींच्या आसपास असून उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, वडिलांच्या नावाने आहे. मी मेकॅनिकल डिप्लोमा करून सहा वर्षांपासून कारखाना पाहते. आमच्याकडे सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करणे, येणारा माणूस (सेटर) एकच आहे. बाकीचे ऑपरेटर जॉब लावण्या-काढण्यापुरते. दिवसातून साधारण तीनदा जॉब बदलतो आणि दर वेळी पावणेदोन तास जातात. गेल्या महिन्यात एक सल्लागार येऊन गेले. "सरकार ट्रेनिंगला अनुदान देते, फाइलचे चाळीस हजार द्या, बाकी आम्ही पाहतो," असे ते म्हणाले. वडील म्हणतात, माणसे शिकवली की चाकणवाले उचलून नेतात, तेव्हा हा खर्चच नको. मला स्वतःला व्यवस्थापनाचा काही अभ्यास करावासा वाटतो, पण दोन वर्षांच्या एमबीएची फी आणि वेळ दोन्ही परवडणारे नाही. सरकारकडून खरोखर काय मिळते आणि सुरुवात कोठून करावी? आणि प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगार द्यावा लागतो का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर :

सर्वप्रथम चाळीस हजारांविषयी, कारण तो सल्लागार पुन्हा फोन करील आणि आपल्याला काहीतरी उत्तर द्यावे लागेल. ते पैसे देऊ नयेत. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून पूर्णपणे विनाशुल्क आहे आणि ती सरकारच्या एकाच संकेतस्थळावर होते. तिच्यासारखी दिसणारी, पण शुल्क मागणारी संकेतस्थळे खासगी मध्यस्थांची असतात. प्रशिक्षण आणि व्यवस्थापन सुधारणेच्या ज्या केंद्रीय योजना आपल्या उपयोगाच्या आहेत, त्यांतही उद्यम क्रमांक टाकून अर्ज स्वतःच करता येतो. डिप्लोमा झालेल्या व्यक्तीला एका दुपारी जमणारे हे काम आहे. सगळेच सल्लागार फसवे असतात असे मला म्हणायचे नाही. मात्र जो सल्लागार फाइलचे पैसे मागतो आणि जो शॉप फ्लोअरवर उभा राहून काम केल्याचे पैसे मागतो, ही दोन वेगळी माणसे आहेत. हडपसरला मी सोळा वर्षे प्रेस शॉप चालवले, त्या काळात पहिल्या प्रकारच्या एका गृहस्थांना मीही पंधरा हजार मोजले होते. विजेच्या बिलावरचा गाळा क्रमांक आणि नोंदणीतला गाळा क्रमांक जुळत नाही, एवढ्याच कारणाने फाइल परत आली आणि त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. तो क्रमांक जुळतो की नाही हे बिल समोर ठेवून मीच पाहू शकलो असतो. आपण आजच पाहून घ्यावा.

वर्गवारीची गोष्टही येथेच उरकतो. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग आता 'सूक्ष्म' ठरतो. चार मशीन आणि बावीस माणसांचा पसारा सांभाळताना आपल्याला स्वतःला सूक्ष्म वाटत नसेल, पण गुंतवणूक त्या मर्यादेत असेल तर आपण कागदोपत्री सूक्ष्मच आहात. हे आपल्या फायद्याचे आहे, कारण सवलतीची टक्केवारी सूक्ष्म उद्योगाला बहुधा सर्वांत जास्त असते.

आता मूळ प्रश्न. आपण विचारले आहे, सरकारकडून काय मिळते. पण त्याचे उत्तर आपल्याच पत्रातल्या एका वाक्यावर अवलंबून आहे: तीन वेळा, दर वेळी पावणेदोन तास. म्हणजे दिवसाचे सव्वापाच तास कोणते ना कोणते मशीन उघडे पडलेले असते. एकाच वेळी दोन मशीनवरचे जॉब संपले, तर दुसरे मशीन सेटरची वाट पाहत उभे राहते, ते वेगळेच. हिशेबापुरता मशीनचा तासाचा दर पाचशे रुपये धरला आणि सेटिंग पावणेदोन तासांवरून एका तासावर आणले, तर रोजचे सव्वादोन तास मोकळे होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ही रक्कम अठ्ठावीस हजार रुपयांच्या घरात जाते. अर्थात त्या वेळात चालवायला काम हातात असेल तर. आपल्याला हव्या असलेल्या प्रशिक्षणाचे नाव या आकड्यात आहे. योजनांची यादी पुढ्यात घेऊन 'यातले कोणते घेऊ' असे विचारणारा उद्योजक बहुतेक वेळा सॉफ्ट स्किल्सच्या वर्गात जाऊन बसतो आणि प्रमाणपत्र घेऊन परत येतो.

सेटिंगचा वेळ कमी करणे हा लीन पद्धतीतला, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या पद्धतीतला, अगदी पहिला धडा आहे आणि त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची योजना आहे. ही लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली. तिच्या बेसिक, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत. बेसिक पायरी विनाशुल्क आहे. तिच्यात ऑनलाइन शिकून प्राथमिक गोष्टी कारखान्यात लागू करायच्या असतात. पुढच्या दोन पायऱ्यांमध्ये प्रशिक्षित सल्लागार आपल्या कारखान्यात येऊन काम करून घेतो आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलते. राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि भारतीय गुणवत्ता परिषद या दोन संस्था ती राबवतात. सरकारी व्यवस्थापन प्रशिक्षणातला माझ्या मते हा सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण येथे शिकवणारा आपल्या गाळ्यात येतो. आपल्याला सभागृहात जावे लागत नाही.

पण अर्ज करण्यापूर्वी एक काम करावे. मोबाइल स्टँडला लावून एका सेटिंगचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रण करावे. सेटरला आधी सांगावे, नाहीतर त्याला ती पाळत वाटेल. आमच्या प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दीड तास लागे. आम्ही घड्याळ लावून पाहिले तेव्हा त्यातली पंचवीस मिनिटे डाय घट्ट धरणारे टी-नट आणि योग्य उंचीचे क्लॅम्प शोधण्यात गेलेली दिसली, आणि वीस मिनिटे पहिला पीस तपासून मिळण्याची वाट पाहण्यात. डाय प्रत्यक्ष उतरवणे आणि चढवणे अर्ध्या तासाच्या आत होत होते. आपल्याकडे टी-नटच्या जागी इन्सर्ट (कापणारी पाती) असतील, जबडे असतील, डायल लावून फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) सरळ करणे असेल. इन्सर्टचे कपाट कुलपात असून किल्ली वडिलांच्या खिशात असेल, तर तेही त्या चित्रणात दिसेल. लीनच्या सल्लागाराचे पहिले काही दिवस नेमके हेच शोधण्यात जातात. ते आधी करून ठेवले, तर त्याचा वेळ पुढच्या कामाला मिळतो. मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबची टूल्स आणि फिक्स्चर ट्रॉलीवर मांडून ठेवणे, प्रत्येक जॉबचा सेटअप शीट बनवणे, ऑफसेट (मशीनला द्यायची टूलची मापे) लिहून ठेवणे, ही ती पुढची कामे.

अशा प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, याचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारचाच आहे. तारापूर आणि उंबरगावच्या पट्ट्यातील १७ कापड कंपन्यांवर स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना काही महिने मोफत सल्लागार दिले आणि यंत्रांच्या नोंदी, दोषांच्या नोंदी, मालाचा साठा, सुटे भाग यांच्याशी संबंधित ३८ साध्या व्यवस्थापन पद्धती लागू करायला लावल्या. पहिल्याच वर्षी त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मला मात्र या प्रयोगाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तेच संशोधक सुमारे आठ-नऊ वर्षांनी परत गेले, तेव्हा लागू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटून गेलेल्या होत्या. कारणे विचारली तेव्हा दोन पुन्हा पुन्हा पुढे आली: कारखान्याचा मॅनेजर बदलला, आणि मालकाला त्याकडे द्यायला वेळ उरला नाही. तरीही हे कारखाने सल्ला न मिळालेल्यांपेक्षा पुढेच होते. म्हणजे सरकार सल्लागाराची फी भरू शकते, पण मालकाचा वेळ ते भरू शकत नाही. आपल्या कारखान्यात सेटिंगच्या वेळा लिहिण्याचा फलक लावून रोज सकाळी दहा मिनिटे त्यासमोर कोण उभे राहणार, हे आपण आणि वडील यांनी आधी ठरवले नाही, तर ९० टक्के अनुदानही महागच पडेल.

येथून आपल्या स्वतःच्या शिक्षणाकडे येतो. दोन वर्षांच्या एमबीएचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. लघुउद्योजकाला शिकवायचे, हा विचार सरकारला अलीकडे सुचलेला नाही. १९५४ मध्ये लघुउद्योगांसाठी स्वतंत्र केंद्रीय संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी धोरण ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते द. गो. कर्वे, पुण्यात अर्थशास्त्र शिकवलेले. १९६० मध्ये दिल्लीत सुरू होऊन १९६२ मध्ये हैदराबादला हललेली संस्था आज 'निमस्मे' या नावाने ओळखली जाते आणि आजही उद्योजकांना आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवते. आपल्या राज्यात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. त्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला असले तरी त्याचे कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. केंद्रीय मंत्रालयाचे मुंबईतील साकीनाक्याचे कार्यालय 'व्यवस्थापन विकास कार्यक्रम' या नावाने अल्पमुदतीचे वर्ग घेते. कॉस्टिंग, निर्यात, गुणवत्ता, विपणन, जीएसटी असे त्यांचे विषय असतात. आपल्यासारख्या चालू उद्योगाच्या मालकासाठी हेच योग्य आहेत. 'उद्योजकता जाणीव' या नावाचे वर्ग नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी असतात. तेथे सहा वर्षे कारखाना पाहिलेल्या व्यक्तीने बसण्यात अर्थ नाही.

या वर्गांचा दर्जा सारखा नसतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मी बसलो होतो त्या आठवडाभराच्या वर्गात पहिले दोन दिवस दीपप्रज्वलन, मान्यवरांचे मनोगत आणि 'यशाची सूत्रे' यांत गेले. चौथ्या दिवशी एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट आले आणि त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या कारखान्याचे विजेचे बिल काढायला लावले. आदल्या दिवशीच ते आणायला सांगून ठेवले होते. मग प्रत्येकाने आपल्या एका मशीनचा तासाचा दर काढला. घसारा, कर्जाचे व्याज, वीज, ऑपरेटरचा पगार, टूलिंग, गाळ्याचे भाडे, देखभाल असे सगळे मांडून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता भागिले किती?" आम्ही सगळ्यांनी महिन्याचे उपलब्ध तास लिहिले होते. त्यांनी ते खोडायला लावले आणि मशीन प्रत्यक्ष माल काढते तेवढेच तास लिहायला सांगितले. माझा दर त्या एका खोडाखोडीत दीडपट झाला. ज्या ब्रॅकेटच्या ऑर्डरचा मला अभिमान होता, तो जॉब मी तीन वर्षे तोट्यात करत होतो. आठवडा फुकट गेला असे मी कधी म्हटले नाही ते त्या दीड तासामुळे. आपल्या बाबतीत हेच गणित रोजचे सव्वापाच तास वजा करून मांडावे लागेल, आणि ते मांडल्यावर दर काढण्याची पद्धत बदलायची की सेटिंगची, हे कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून वर्गाला नाव देण्यापूर्वी आयोजकांना एकच विचारावे: आमच्या कारखान्याचे आकडे आणायचे आहेत का? 'हो' म्हणाले तर जावे. 'नाही, सगळे साहित्य आम्ही देतो' असे उत्तर आले, तर पुढच्या वर्गाची वाट पाहावी. पुण्यात चौकशीच्या जागा फार लांब नाहीत. जिल्हा उद्योग केंद्र शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात आहे; चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे; सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना आहे, जी १९३४ पासून चालू आहे. जिल्हा उद्योग केंद्रात फोनवर उत्तर मिळण्याची आशा कमी ठेवावी. सकाळी जावे, उद्यम प्रमाणपत्राची प्रत बरोबर न्यावी आणि येत्या तीन महिन्यांत होणाऱ्या व्यवस्थापन कार्यक्रमांची यादी मागावी. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०२२ मध्ये मंजूर झालेल्या, सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांसाठीच्या 'रॅम्प' कार्यक्रमाचा, म्हणजे सुमारे ६,०६२ कोटी रुपयांच्या योजनेचा, काही निधी राज्यांमार्फत खर्च होतो, तेव्हा त्याखाली आपल्या जिल्ह्यात काय चालू आहे हेही विचारावे. पैसा आला की मध्यस्थही येतात; आपल्या दारात आलेले गृहस्थ बहुधा त्यांपैकीच असावेत.

वडिलांच्या आक्षेपाला मी हसत नाही, आणि आपणही हसू नये. चाकणच्या मोठ्या कारखान्यात दोन-तीन हजार रुपये जास्त, बससेवा आणि कँटीन मिळत असेल, तर शिकलेला मुलगा जाणारच. पण सरकार प्रशिक्षणाचा खर्च उचलते त्यामागचे अर्थशास्त्र नेमके याच भीतीवर उभे आहे. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते, त्यावर छोटा मालक खर्च करायला कचरतो, कारण त्याचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडू शकते. सगळेच मालक असा विचार करतात, म्हणून शिकलेली माणसे कमी पडतात, आणि ती कमी पडतात म्हणून पळवापळवी आणखी वाढते. ही गाठ एकट्या मालकाला सुटत नाही, म्हणून ती सार्वजनिक पैशाने सोडवायची. तेव्हा वडिलांना सांगावे, की आपली शंका बरोबर आहे आणि म्हणूनच हा खर्च आपण सगळा करायचा नाही.

दुसरी गोष्ट त्यांना विचारून पाहावी. आज सेटिंग एकाच माणसाला येते. तो गणपतीला गावी गेला, त्याच्या घरी कोणी आजारी पडले, किंवा चाकणवाल्यांनी नेमका त्यालाच उचलला, तर किती दिवस मशीन उभी राहतील? माणसे शिकवल्याने एखादा जाईल ही भीती खरी असली, तरी न शिकवल्याने सगळा कारखाना एका माणसाच्या रजेवर टांगलेला आहे, हे त्याहून मोठे संकट आहे. त्या सेटरलाही या प्रक्रियेत मान मिळाला पाहिजे, नाहीतर तो आपली विद्या कोणाला देणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. त्याच्याकडे आयटीआयचा कागद नसेल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील आरपीएल या सोयीखाली, म्हणजे हातात आधीपासून असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन, त्याला प्रमाणपत्र मिळू शकते. दोन ऑपरेटर सेटिंगला तयार झाले की त्याचा पगार वाढेल, हे त्याला आधीच, शक्य तर लेखी, सांगावे. बाँड लिहून घेणे आणि कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवणे या दोन गोष्टी मात्र करू नयेत. त्याने माणूस थांबत नाही. तो मनाने आधीच गेलेला असतो.

नव्या मुलांसाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा असून ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत तिला उमेदवार घेणे सक्तीचे आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. एकूण मनुष्यबळाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत उमेदवार घेता येतात, म्हणजे आपल्याकडे तीन. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार रुपये, केंद्र सरकार देते आणि आता तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. औंधच्या शासकीय आयटीआयमधून मशिनिस्ट किंवा टर्नर झालेला मुलगा घेतला, तर वर्षभरात तो सेटरचा खरा मदतनीस होऊ शकतो. मात्र कायद्याच्या दृष्टीने तो प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्याला वर्षभर डिबरिंगला (कडा घासायला) बसवून ठेवायचे असेल, तर हा मार्ग घेऊ नये. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आपण ऐकली असेल. तिच्यात बारावी उत्तीर्णाला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन सरकारच देते. ती कार्यालयातील मदतीसाठी वाईट नाही, पण तिची मुदत अल्प आहे आणि सेटर त्या मुदतीत तयार होत नाही.

झेड, म्हणजे 'झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट' या केंद्राच्या गुणवत्तेच्या प्रमाणपत्राबद्दल आपण विचारलेले नाही, तरी कोणीतरी ते सुचवीलच. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पातळ्या आहेत, आणि प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत आहे. महिलांच्या मालकीच्या उद्योगाला तर ते पूर्ण माफ आहे. आता सल्लागार येथे एक युक्ती सांगतील: उद्योग मुलीच्या नावावर करा, म्हणजे सगळे फुकट. ती ऐकू नये. आपला व्यवसाय वडिलांची प्रोप्रायटरशिप असेल, तर मालक बदलला की पॅन बदलतो, पॅन बदलला की जीएसटीची नवी नोंदणी घ्यावी लागते, त्यातले शिल्लक कर-क्रेडिट हस्तांतरित करावे लागते, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते आणि मोठ्या ग्राहकांकडचा व्हेंडर कोड (पुरवठादार क्रमांक) नव्याने काढावा लागतो. काही हजारांच्या सवलतीसाठी एवढी उलथापालथ करणे शहाणपणाचे नाही. वडिलांनी कारभार खरोखरच आपल्या हाती द्यायचा ठरवला असेल, तर तो निर्णय त्याच्या कारणाने घ्यावा, शांतपणे, आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला बरोबर घेऊन. मग सवलत आपोआप मिळेल. दरम्यान ब्राँझसाठी वडिलांच्या नावानेही अर्ज करता येतो. पण तो लीनच्या बेसिक पायरीनंतर करावा, कारण झेडला लागणाऱ्या कितीतरी नोंदी तेथेच तयार होतात.

पैशांच्या बाबतीत एक सावधगिरी. ज्या योजनांत खर्च आधी आपण करायचा आणि परतावा नंतर मिळायचा, तेथे तो परतावा या आर्थिक वर्षात येईल असे धरून चालू नये. कामगारांच्या बोनसच्या तोंडावर अडकलेले तीस हजारही आपल्यासारख्या कारखान्याला जड जातात. परतावा आलाच नाही तरी हे प्रशिक्षण मी घेतले असते का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. लीनच्या बाबतीत आपल्या हिश्शाची रक्कम आणि वर काढलेले महिन्याचे अठ्ठावीस हजार शेजारी ठेवून पाहिले, तर उत्तर मिळेल.

क्रम माझ्या मते असा असावा. या आठवड्यात एका सेटिंगचे चित्रण करावे आणि ते वडील, सेटर आणि आपण असे तिघांनी बसून पाहावे. त्याच संध्याकाळी उद्यम प्रमाणपत्रावरचा पत्ता, जीएसटीचा पत्ता आणि विजेचे बिल जुळवावे. पुढच्या आठवड्यात लीनच्या बेसिक पायरीची नोंदणी करावी आणि जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन यावे. कॉस्टिंगचा वर्ग लागला की आपण स्वतः जावे. आपण बाहेर असाल त्या दिवशी सेटिंगचा फलक वडिलांनी भरावा. त्यांचा विरोध त्या फलकाने जितका मावळेल, तितका माझ्या या उत्तराने मावळणार नाही.

शेवटी पगाराचा प्रश्न. द्यावा, पूर्ण द्यावा. कामगाराला आपण सांगून प्रशिक्षणाला बसवले, तर तो त्याचा कामाचा दिवस आहे. गुरुवारी मशीन बंद असतात म्हणून प्रशिक्षण गुरुवारी ठेवण्याचा मोह होईल, पण तो त्यांचा सुट्टीचा दिवस आहे. नाइलाजाने गुरुवारच ठेवावा लागला, तर ओव्हरटाइमच्या दराने पैसे द्यावेत आणि बदली सुट्टीही द्यावी. शक्यतो दुपारी, शिफ्ट बदलण्याच्या सुमाराचे दोन तास निवडावेत. त्या वेळी दोन्ही शिफ्टच्या माणसांना एकत्र बसवता येते.